वाण्याच्या दुकानात बंदूक

दिवाळी अंक हातात घेऊन वाचक बसतो तेव्हा त्याच्या शेजारी चकलीची बशी असते आणि अंगणात पोरांच्या टिकल्यांच्या पिस्तुलांचा फटफटाट चाललेला असतो, हे मला ठाऊक आहे. अशा मंगल वेळी खऱ्या पिस्तुलाचा विषय काढणाऱ्या बाईला कोणी अभद्र म्हणेल. म्हणोत बापडे. संपादकांनी माझ्याकडे अमेरिकेच्या प्रवासाचे काहीतरी हलकेफुलके मागितले होते. पण मी नायगारा पाहिला नाही, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला नाही. २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या एका उपनगरात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने राहिले. डिंकाचे लाडू वळले, बाळाला न्हाऊमाखू घातले, आणि आठवड्यातून दोनदा मेहुण्यांच्या मोटारीत बसून वाणसामान आणले. माझी अमेरिका ती एवढीच. त्या वाणसामानाच्या दुकानात मी जे पाहिले त्यावर माझे भांडण आहे, आणि ते भांडल्याशिवाय मला दुसरे काही लिहिता यायचे नाही.

आधी झाले काय ते सांगते. माझी सहा वर्षांची भाची माझे बोट धरून दुधाच्या कपाटापाशी उभी होती. समोर एक गृहस्थ दुधाच्या कॅनवरची तारीख चष्मा वर करून वाचीत होते. आखूड चड्डी, पायांत सपाता, पोट थोडे सुटलेले. आपल्याकडच्या एखाद्या पोस्टमास्तरांसारखे दिसणारे. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला चामड्याचे म्यान होते आणि त्या म्यानात काळेभोर पिस्तूल. ते ना पोलीस होते, ना पहारेकरी. त्यांना दूध हवे होते, आणि दूध आणायला ते पिस्तूल लावून आले होते, आपण पिशवी घेऊन जातो तसे. मला वाट देताना ते अदबीने बाजूला झाले, हसलेसुद्धा. मीही हसले. मग पाहते तो भाचीचे बोट माझ्या हातात नाही.

ती कलिंगडांच्या राशीमागे जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात तोंडावर. मी वाकून ‘काय झालं ग?’ म्हणाले तशी तिने ओठांवर बोट ठेवले आणि कुजबुजली, "मावशी, दिवा बंद कर."

तिच्या शाळेत हे शिकवतात. बंदूकवाला माणूस आत आला तर दार लावायचे, दिवा मालवायचा, भिंतीशी बसायचे, आणि रडायचे नाही. पहिलीच्या मुलांना हे पाठ असते. मी स्वतः बालवर्गाची शिक्षिका आहे. आमच्या भागाने कोयनेचा भूकंप पाहिलेला असल्यामुळे आम्हीही मुलांना हादरा बसला की बाकाखाली शिरायला शिकवतो. पण भूकंप हा कोणाचा हक्क नसतो. भूकंप पायांत सपाता घालून दूध घ्यायला येत नाही. आणि बाकाखाली शिरलेल्या मुलाला ‘अग, ऊठ, तो भूकंप कायद्याने वागणारा आहे’ असे आम्हांला सांगावे लागत नाही. त्या दिवशी मला नेमके तेच सांगावे लागले. भाचीने शाळेतला धडा अचूक गिरवला होता, आणि मी, एक शिक्षिका, तिला पटवीत होते की हा धडा इथे लागू नाही. का लागू नाही, ते मात्र मला सांगता येईना. ‘हे काका चांगले आहेत,’ असे मी म्हणाले. तिने विचारले, "तुला कसं माहीत?"

रात्री जेवणावर हा विषय निघालाच. माझे मेहुणे भले गृहस्थ आहेत, बारा वर्षे तिकडे आहेत, आणि त्या देशाच्या बाजूने बोलण्याची त्यांना सवय झाली आहे. ते म्हणाले, "ताई, ज्याला वाईट करायचं असतं तो बंदूक दाखवत हिंडत नाही. उघडी बाळगणारा माणूस उलट प्रामाणिक. इथला कायदाच तसा आहे."

कायदा तसा आहे खरा. टेक्सासमध्ये १८७१ पासून कमरेला पिस्तूल उघडे लावून हिंडायला बंदी होती. ती १ जानेवारी २०१६ रोजी परवानाधारकांपुरती उठली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याचीही गरज उरली नाही. माणूस गुन्हेगार नको, आणि पिस्तूल म्यानात हवे, झाले. मोठ्या बंदुकांना मात्र पूर्वीही मज्जाव नव्हता. त्यामुळे २०१४ साली एक अजब प्रकार घडला. पिस्तूल उघडे लावण्याचा हक्क मिळावा म्हणून काही मंडळींनी चळवळ आरंभली, आणि पिस्तूल लावता येत नाही म्हणून खांद्याला रायफली लटकावून ती खाणावळींत आणि दुकानांत शिरू लागली. डॅलसजवळच्या चिपोटले नावाच्या खाणावळीत रायफलवाल्यांनी फोटो काढून घेतले. टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानांतले असेच फोटो देशभर फिरले. बंदूकवाल्यांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. तिलासुद्धा हे प्रदर्शन चमत्कारिक वाटले आणि तिने तसे छापले. पण चळवळीतले लोक चिडताच आठवड्याच्या आत ते आपल्या एका नोकराचे वैयक्तिक मत होते असे सांगून तिने अंग काढून घेतले. वाघावर बसणाऱ्याला उतरता येत नाही ते असे.

दुकानदारांनी काय केले? माझे खरे भांडण बंदूकवाल्यांपेक्षा त्यांच्याशी आहे.

स्टारबक्स हे कॉफीचे दुकान आता आपल्या पुण्यामुंबईतही आहे. न्यूटाऊन गावच्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर आठ महिनेही झाले नव्हते, तोच स्टारबक्स शस्त्रे आत येऊ देते याबद्दल तिचे आभार मानण्यासाठी बंदूकवाल्यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये एक दिवस ठरविला, आणि त्यांतले काही त्याच न्यूटाऊन गावातल्या दुकानावर गेले. कंपनीने त्या दिवशी ते दुकान लवकर बंद केले. पुढल्या महिन्यात कंपनीचे मुख्य हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहिले की, गिऱ्हाइकांनी कृपा करून बंदुका आणू नयेत. पण ही बंदी नाही, विनंती आहे, असेही त्यांनी त्यात स्पष्ट केले. कारण काय, तर बंदी घातली की ती आमच्या नोकरांना अमलात आणावी लागेल, आणि हत्यारबंद गिऱ्हाइकाला सामोरे जा असे आम्ही त्यांना सांगू इच्छीत नाही.

हे वाक्य मी तीन वेळा वाचले. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. कायद्याची कलमे मला समजत नसतील, पण वाक्याचा अन्वय समजतो. दुकानाचा मालक कबूल करतो की, कमरेला बंदूक असलेल्या माणसाला ‘बाहेर ठेवा’ म्हणणे धोक्याचे आहे. म्हणजे तो माणूस भलाच असेल असा भरवसा मालकालाही नाही. मग जो भरवसा धनवंत मालकाला नाही, तो कलिंगडामागे बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीने कोठून आणायचा?

त्या पत्रानंतर ‘विनंती’ची साथच आली. मे २०१४ मध्ये चिपोटलेने विनंती केली. जुलै २०१४ मध्ये टार्गेटने, आमच्या दुकानातल्या कुटुंबाच्या वातावरणाशी हे विसंगत आहे असे म्हणून विनंती केली. क्रोगर ह्या किराण्याच्या प्रचंड कंपनीला आयांच्या एका संघटनेने तेव्हाच साकडे घातले होते. तिने दाद दिली नाही. मग ३ ऑगस्ट २०१९ उजाडला. ह्याच टेक्सासमधल्या एल पासो शहरात वॉलमार्टच्या दुकानात, शाळा सुरू होण्यापूर्वीच्या शनिवारी, वह्यादप्तरांच्या खरेदीची गर्दी असताना एकाने गोळीबार केला. तेवीस माणसे गेली. वॉलमार्टने एक महिन्याने, ३ सप्टेंबरला, पिस्तुलाच्या गोळ्या विकणे बंद करण्याचे जाहीर केले, आणि गिऱ्हाइकांनी उघडी शस्त्रे आणू नयेत अशी विनंती केली. त्याच दिवशी क्रोगरलाही विनंती सुचली. आठवडाभरात औषधांची मोठमोठी दुकाने ओळीने विनंती करीत आली. शिकारीच्या बंदुका विकणे मात्र वॉलमार्टने चालूच ठेवले. म्हणजे एका गल्ल्यावर बंदूक बांधून द्यायची आणि दुसऱ्या दारावर हात जोडायचे. आमच्या गावी दारूच्या गुत्त्यावर ‘दारू वाईट आहे’ अशी पाटी असे, तिची मला आठवण झाली.

वाचकांना वाटेल, बाई फार कडक. विनंती का होईना, केली ना? केली, आणि तेवढ्याबद्दल त्यांचे आभार. पण विनंती आणि नियम ह्यांत काय फरक आहे हे ज्याने वर्ग सांभाळला आहे त्याला विचारा. ‘मुलांनो, खिडकीवर चढू नका हं, अशी माझी विनंती आहे’ असे मी म्हणाले, तर निम्मा वर्ग तासाच्या आत खिडकीवर असेल, आणि खाली बसलेल्या शहाण्या पोरांना कळणार नाही की बाई नेमक्या कोणाच्या बाजूच्या.

त्याच अमेरिकेतल्या दुकानांच्या दारांवर दुसरी एक पाटी मी पाहिली: सदरा नसेल, पायांत काही नसेल, तर माल मिळणार नाही. तिथे ‘विनंती’ नाही. अनवाणी आलेल्या माणसाला दुकानदार सरळ बाहेर काढतो, आणि त्यासाठी त्याला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. पण पिस्तूल लावून आलेल्याला अडवायचे, तर टेक्सासचा कायदा सांगतो की, एक तर त्याला तसे तोंडाने किंवा लेखी सांगा, नाहीतर दाराशी पाटी लावा. पाटीचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला. तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा. अक्षरे ठळक, रंग उठून दिसणारे, आणि उंची निदान एक इंच. परवानाधारकाने उघडे पिस्तूल आणू नये म्हणून एक पाटी, त्याने लपवलेले आणू नये म्हणून दुसरी, बिनपरवान्याच्या माणसासाठी तिसरी. इंचाइंचाची ही अक्षरे दोन भाषांत लिहायची म्हणजे दाराचे अर्धे तावदान भरते. एवढे करून नियम मोडलाच, तर पहिल्या दोन पाट्यांबद्दल दंड दोनशे डॉलरांपर्यंत. आता सांगा, त्या कायद्याला अनवाणी पायाचे भय अधिक वाटते की भरलेल्या पिस्तुलाचे?

‘मौनं संमतिलक्षणम्’ असे आपण लग्नात नवरीबद्दल म्हणतो, आणि तिथेही ते फसवेच असते. दुकानदाराने काही लिहिले नाही, म्हणजे त्याने बंदुकीला होकार दिला, असे टेक्सास धरून चालते. हवाई राज्याने २०२३ मध्ये उलट कायदा केला: मालकाने स्पष्ट ‘आणा’ म्हटले असेल तरच आणा, तो गप्प असेल तर नाही. किती साधी गोष्ट! आपल्याकडे कोणाच्या ओटीवर पाऊल ठेवताना आपण चपला काढतो. ‘चपला काढा’ अशी पाटी कोणी लावीत नाही, आणि कोणाला घालून यायच्या असतील तर त्याने आधी विचारायचे. पण हवाईच्या ह्या एवढ्या कलमावरून वाद थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये असाच नियम केला होता; लोकांना खुल्या असलेल्या जागांपुरता तो न्यायालयाने अडवला. फ्लॉरिडात उघड्या शस्त्रांना बंदी होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, आणि एका रात्रीत तिथल्या वाण्यांना ठरवावे लागले की आता आपले काय. पब्लिक्स नावाच्या मोठ्या किराणा कंपनीचे त्या वेळचे उत्तर होते: आम्ही कायद्याप्रमाणे चालतो.

कायदा परवानगी देतो, सबब आम्हीही देतो, हे उत्तर मला सर्वांत खोटे वाटते. कायदा पान खाऊन रंगलेल्या तोंडाने हिंडायला परवानगी देतो. म्हणून मी ते तोंड घेऊन वर्गावर जात नाही. शिवाय शस्त्र बाळगण्याचा जो हक्क त्यांच्या घटनेत १७९१ पासून आहे, तो सरकारने हिरावून घेऊ नये म्हणून आहे. वाण्याने आपल्या दुकानात कोणाला कसे येऊ द्यावे, ह्यावर त्या कलमाचा हात नाही. हे मी म्हणत नाही, तिकडचे बंदूकवालेसुद्धा मानतात की मालकाला नाही म्हणता येते. मग वाण्याने कायद्याच्या पदराआड का लपावे? नाही म्हणण्याचा अधिकार आहे, पण नाही म्हणण्याची छाती नाही, एवढे सरळ सांगावे आणि मोकळे व्हावे.

इथे कोणी मला थांबवील: ‘बाई, तुम्ही गुलाम देशाच्या लेकी, तुम्हांला शस्त्राच्या हक्काची काय किंमत?’ किंमत मला चांगली ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा केला तेव्हा परवान्याची अट हिंदी माणसाला आणि सूट युरोपियनाला, असा न्याय होता. त्या अपमानाविरुद्ध जुन्या काँग्रेसच्या अधिवेशनांत ठराव होत, आणि गांधीजींनीही त्या कायद्याला काळी करणी म्हणून दूषण दिले. आमच्या घरातही आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार पडे, हळदकुंकू लागे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माळ्यावर जाई. आजोबा तिला खांद्याला लावून आठवड्याच्या बाजारात वांगी निवडायला गेले असते, तर आजीने त्यांना घरात घेतले नसते. शस्त्राचा मान असतो, म्हणूनच ते वाटेल तेथे मिरवायचे नसते. निवडणुका आल्या की आपल्याकडे परवान्याची हत्यारे पोलीस चौकीत जमा करून घेतात, त्यातही हाच विचार आहे.

आणि आपल्याकडे दुकानाशी बंदूक दिसतच नाही असेही नाही. आमच्या गावच्या बँकेच्या दाराशी एक निवृत्त हवालदार दुनळी घेऊन स्टुलावर बसतात. पोरे त्यांच्याभोवती खेळतात, त्यांना ‘आजोबा, उडते का हो?’ म्हणून विचारतात. त्यांची भीती वाटत नाही ती का? अंगावरचा खाकी सदरा सांगतो की ही बंदूक कोणाची, कशासाठी, आणि हिचा जाब कोणाला विचारायचा. दूधवाल्या गृहस्थाच्या पिस्तुलाचा जाब विचारायचा कोणाला?

मेहुण्यांचा दुसरा मुद्दा असा, की भल्या माणसाजवळ बंदूक असली तर बुरा माणूस कचरतो. जून २०१४ मध्ये लास व्हेगसला एका पुरुषाने आणि बाईने दोन पोलिसांना मारले आणि दोघे वॉलमार्टमध्ये शिरली. तिथे एका भल्या गिऱ्हाइकाजवळ पिस्तूल होते. तो धीराचा माणूस होता. तो त्या पुरुषाला अडवायला पुढे झाला. मागची बाई त्याची साथीदार आहे हे त्याला कळले नाही. तिने त्याला मारले. तो भ्याड नव्हता, मूर्ख नव्हता. पण कोणाच्या अंगावर भल्याबुऱ्याची चिठ्ठी लावलेली नव्हती.

एल पासोनंतर पाचच दिवसांनी मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी एक तरुण छातीवर कवच चढवून, रायफल घेऊन वॉलमार्टमध्ये गेला. दुकान आपला हक्क मानते की नाही हे पाहायला आलो होतो, असे त्याने पुढे सांगितले. माणसे जीव घेऊन पळाली. सुटीवर असलेल्या एका अग्निशामक जवानाने आपले पिस्तूल रोखून त्याला पोलीस येईपर्यंत थोपवून धरले. त्या क्षणी तिसरा एखादा हत्यारबंद सज्जन कोपऱ्यावरून आला असता, तर त्याने ह्या दोघांपैकी कोणावर गोळी झाडली असती? मी मेहुण्यांना हे विचारले. ते भाकरी मोडीत राहिले.

याहून वाईट गोष्ट कोलोरॅडो स्प्रिंग्जची. ३१ ऑक्टोबर २०१५ ला सकाळी एका बाईने पोलिसांना फोन केला की, रस्त्यावर एक माणूस रायफल घेऊन हिंडतो आहे. पलीकडून तिला समजावण्यात आले की, ह्या राज्यात शस्त्र उघडे बाळगायला कायद्याची मुभा आहे. थोड्याच वेळात त्या माणसाने तीन जणांना ठार केले. त्या बाईने काय पाहायला हवे होते ते पाहिले, काय करायला हवे होते ते केले. पण तिच्या भीतीला कायद्याने आधीच खोटे पाडून ठेवले होते. उघड्या शस्त्राचे खरे अनिष्ट हे आहे. ते मिरवणारे शंभरांतले नव्याण्णव सज्जन असतील. पण ते शंभराव्याला वेष पुरवतात. साप दिसला की ओरडावे, हे ज्या गावात असभ्य ठरते, त्या गावात मुलांना काय शिकवायचे?

आणि हा हक्क तरी सर्वांचा आहे का? ५ ऑगस्ट २०१४ रोजी ओहायो राज्यातल्या बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये बावीस वर्षांचा एक काळा तरुण फोनवर बोलत हिंडत होता. दुकानातच विकायला ठेवलेली छऱ्यांची बंदूक त्याने फळीवरून उचलून हातात धरली होती. कोणीतरी पोलिसांना कळवले. पोलीस आले आणि काही क्षणांत त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. पळापळीत आणखी एक बाई हृदय बंद पडून गेली. ओहायोत खरी बंदूकसुद्धा उघडी बाळगायला परवानगी होती! पोलिसांवर खटला झाला नाही. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर म्हणवणारे काळे तरुण भरलेल्या बंदुका उघड्या घेऊन हिंडू लागले, राज्याच्या विधानभवनातही शिरले, तेव्हा तिथल्या विधिमंडळाने तसे हिंडण्यावर तडकाफडकी बंदी घातली, आणि तिच्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. हक्क कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहून त्याचा रंग बदलतो.

आपल्या लोकांचाही रंग तिथे गोरा नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या व्यवस्थापकाकडे जाऊन विचारायचे ठरवले, तेव्हा बहिणीने बाळाला खांद्यावर घेतल्या घेतल्या मला अडवले. "ताई, नको ग. कशाला नजरेत यायचं?" कान्सासमध्ये फेब्रुवारी २०१७ ला हैदराबादकडचा एक अभियंता संध्याकाळी मित्राबरोबर बसला असताना, ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत एकाने त्याला ठार केले, ते ही मंडळी विसरलेली नाहीत. माझी बहीण लहानपणी सातारच्या मंडईत तराजूतली दोन ग्रॅमची तूट पकडून भाजीवालीला उभी सोलणारी. तिने ह्या देशात आवाज खाली करायला शिकून घेतले आहे. समोरच्या कमरेला काय आहे हे दिसत असले, की गिऱ्हाईक भाव करीत नाही, रांग मोडल्याची तक्रार करीत नाही. ज्याने पिस्तूल लावले तो एकही शब्द न बोलता रांगेत पहिला असतो.

मी गेलेच. व्यवस्थापक म्हणजे विशीतला एक पोरगा निघाला. माझे मोडके इंग्रजी त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि पाठ केलेले उत्तर दिले की, कायद्याला मान्य आहे. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, मलाही आवडत नाही. मला त्याचा राग आला नाही. तासावर मोलाने राबणारे लेकरू ते. त्याच्या कंपनीचे मालक कुठल्याशा उंच इमारतीत बसतात, आणि तिथे कोणी उघडी बंदूक घेऊन चढत असेल असे मला वाटत नाही.

मेहुणे शेवटी म्हणाले, "ताई, हा देशच असा. काउबॉयांचा." त्यांना वाटले, इथे बाईची बोलती बंद होईल, मॅट्रिक बाई ती. पण कादंबरीसाठी म्हणून मी पूर्वी हे थोडे वाचले होते. काउबॉयांच्या देशात काय होते? ॲरिझोनातले टूमस्टोन गाव सिनेमांतून ज्याने त्याने पाहिले आहे. त्या गावाने एप्रिल १८८१ मध्ये ठराव केला होता की, गावात शस्त्र बाळगायचे नाही. आलेल्याने ते उतरवून ठेवावे. २६ ऑक्टोबर १८८१ ची ती प्रसिद्ध चकमक उडाली तीच मुळी गावचा पोलीस अधिकारी काउबॉयांची शस्त्रे काढून घ्यायला गेला तेव्हा. डॉज सिटीतही भररस्त्यात फळा होता की शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई आहे. त्या फळ्याचा फोटो आजही पाहायला मिळतो. तिथे ‘विनंती’ हा शब्द नव्हता. ज्या काळात खरेच दरोडे पडत, गुरे चोरीला जात, त्या काळच्या वाण्याला कळत होते की, हत्यार दाराशी ठेवल्याशिवाय बाजार चालायचा नाही. आज लोकसंख्येपेक्षा बंदुका जास्त आहेत. शंभर माणसांमागे सुमारे एकशेवीस, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आणि आजच्या वाण्याला ते कळत नाही.

‘मग काय लपवून न्यावी?’ मेहुणे म्हणाले. लपवून नेण्याचीही कथा सुखाची नाही. आयडाहो राज्यात २०१४ च्या डिसेंबरात, दुकानातल्या ढकलगाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या बाळाने आईच्या पर्समध्ये हात घातला, आणि ते पोरके झाले. सणाच्या अंकात याहून जास्त लिहवत नाही. मी एवढेच म्हणाले की, मोटारीत कुलूप लावून ठेवा आणि दूध घेऊन या. दुधाला पिस्तूल लागत नाही.

त्या रात्री वाद मिटला नाही. पण पुढल्या शनिवारी मेहुण्यांनी न बोलता मोटार दुसऱ्या रस्त्याला घातली. सात-आठ मैल लांब एक दुकान होते. तिथे मेथी वाळलेली मिळे आणि दूध थोडे महाग. त्याच्या काचेच्या दारावर त्या पाट्या होत्या, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, काळ्या ठळक अक्षरांत. मी भाचीला एकेक अक्षर लावून वाचायला लावले. मधले मोठे शब्द तिला आले नाहीत. मलाही सगळे आले नाहीत. त्यानंतर दर खेपेला मोटार थांबली की ती आमच्यापुढे दाराकडे धावायची, पाटीवर बोट ठेवायची, आणि मागे वळून ओरडायची, "आहे, मावशी!" मग आम्ही आत जायचो.